कबड्डी, रायगड किनाऱ्यावरील

महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील (पूर्वीचा कुलाबा जिल्हा) किनारपट्टीत गावोगाव खेळला जाणारा सांघिक मैदानी खेळ. उरण, पनवेल, पेण, अलिबाग, रोहे, मुरूड, श्रीवर्धन इ. तालुक्यांत या खेळाची परंपरा दृढ असून गावच्या मातीच्या मैदानापासून जिल्हा, राज्य व राष्ट्र या पायऱ्यांनी आंतरराष्ट्रीय संघापर्यंत जाणारी खेळाडूची वाटचाल हा तिचा महत्त्वाचा भाग आहे. प्रस्तुत नोंदीत खेळाच्या सर्वसाधारण नियमांपेक्षा या वाटचालीचा, म्हणजेच खेळाडूची घडण, त्याची उपजीविका, त्याला पोहोचणाऱ्या दुखापती आणि बदलत्या काळातील त्याचे स्थान यांचा प्रामुख्याने विचार केला आहे.

प्रदेश व ऋतुचक्र : सह्याद्री व अरबी समुद्र यांच्यामधील या चिंचोळ्या पट्ट्यात भातशेती, मासेमारी व मीठ-उत्पादन हे परंपरागत व्यवसाय होत. आगरी, कोळी, कुणबी इ. समाजांची येथे मोठी वस्ती आहे. भाताचे पीक हे येथील खेळाच्या हंगामाचेही नियामक ठरले. कापणी व झोडणी आटोपून खाचरे मोकळी झाली, जमीन वाळून घट्ट झाली, की मैदाने आखली जात आणि पुढील पावसापर्यंत सामने चालत. जमिनीचा एक चौकोन, थोडी फक्की आणि चौदा गडी एवढ्यावर हा खेळ उभा राहतो. त्यास चेंडू, दांडू, जाळे वा अन्य कोणतेही साधन लागत नाही. साधनहीनतेचा हा गुण अल्पभूधारक व श्रमिक समाजांत त्याचा प्रसार होण्यास मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाला.

मैदान तयार करणे हे गावाचे सामुदायिक काम असे. जमीन खणून ढेकळे फोडावयाची, खडे वेचावयाचे, माती चाळून पसरावयाची, पाणी मारून ती दाबावयाची आणि वरचा थर मऊ राहील अशा बेताने सारखी करावयाची, अशी ही रीत आहे. रात्रीचे सामने, ग्रामदैवताच्या यात्रेस जोडून भरणाऱ्या स्पर्धा आणि ग्रामदैवतांवरून ठेवलेली संघांची नावे यांमुळे खेळ गावच्या प्रतिष्ठेशी बांधला गेला. उत्कृष्ट चढाई व उत्कृष्ट पकड यांसाठी स्वतंत्र पारितोषिके देण्याची प्रथाही अशा स्पर्धांतून रूढ आहे. ज्या खेळाडूचे नाव वृत्तपत्रात कधी छापून आलेले नसते, तोही पंचक्रोशीत नावाने ओळखला जातो, हे या परंपरेचे वैशिष्ट्य होय.

इतिहास : महाराष्ट्रात हा खेळ पूर्वी ‘हुतूतू’ या नावाने प्रचलित होता. भारताच्या अन्य भागांत ‘चेडुगुडु’, ‘हाडुडु’ अशा नावांनी त्याचे प्रकार खेळले जात. बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो तो ‘संजीवनी’, बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेरच राहतो तो ‘गामिनी’ आणि बाद होऊनही गडी मैदानातच राहतो व केवळ गुण मोजले जातात तो ‘अमर’, असे तीन प्रमुख प्रकार मानले जात. आजचा खेळ संजीवनी प्रकारावर आधारलेला आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत पुणे, सातारा, बडोदे इ. ठिकाणी नियम एकसूत्री करण्याचे प्रयत्न झाले. १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत या खेळाचा समावेश होता. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५२ साली मद्रास येथे, तर महिलांची १९५५ साली कलकत्ता येथे प्रथम झाली. १९७२ मध्ये भारतीय हौशी कबड्डी महासंघ अस्तित्वात आला व त्याच वर्षासाठी महाराष्ट्राचे सदानंद शेट्ये यांना कबड्डीतील पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्रातील संघटनकार्यात शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचे स्थान अग्रगण्य आहे. प्रांतोप्रांतीच्या नियमांत एकवाक्यता आणणे, आशियाई देशांत खेळाचा प्रसार करणे आणि आशियाई क्रीडास्पर्धांत त्यास स्थान मिळवून देणे, ही त्यांच्या कार्याची मुख्य अंगे होत. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिन महाराष्ट्रात ‘कबड्डी दिन’ म्हणून पाळला जातो.

किनाऱ्यावरील कबड्डीचा इतिहास मुंबईच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. कापडगिरण्या, गोदी व रेल्वे यांत कामास गेलेल्या कोकणातील श्रमिकांनी लालबाग, परळ, वरळी, नायगाव इ. भागांत हा खेळ नेला. चाळींच्या पटांगणांत व मंडळांच्या आश्रयाने तो वाढला आणि सुट्टीत गावी येणाऱ्या खेळाडूंबरोबर नव्या युक्त्या व नवे नियम परत गावात आले. भाऊचा धक्का ते रेवस ही बोटीची वाट प्रवाशांप्रमाणे खेळाचीही वाट होती. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावाचे अर्थकारण कोसळले आणि या देवघेवीचा एक मोठा आधार नाहीसा झाला.

मैदान व नियम : पुरुषांचे मैदान १३ मी. लांब व १० मी. रुंद, तर महिला व कुमारांचे १२ मी. लांब व ८ मी. रुंद असते. दोन्ही बाजूंच्या एक मीटर रुंदीच्या पट्ट्यांस राखीव क्षेत्र म्हणतात. झटापट सुरू झाल्यावरच ते खेळात येते. मध्यरेषेपासून पुरुषांसाठी ३·७५ मी. अंतरावर निदान रेषा व तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा असते. संघात बारा खेळाडू असून त्यांपैकी सात मैदानात उतरतात. पुरुषांचा सामना वीस मिनिटांच्या दोन डावांचा असून मध्ये पाच मिनिटांची विश्रांती असते.

चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी’ या शब्दाचा अखंड, स्पष्ट उच्चार करीत एका दमात प्रतिपक्षाच्या अंगणात जावयाचे, शक्य तितक्या गड्यांना स्पर्श करावयाचा आणि दम न सोडता मध्यरेषा ओलांडून परतावयाचे, हे खेळाचे सूत्र आहे. चढाई कोरी परतवावयाची असल्यास निदान रेषा ओलांडणे आवश्यक असते. प्रतिपक्षाचे सहा किंवा अधिक गडी मैदानात असताना बोनस रेषा नियमानुसार ओलांडल्यास एक जादा गुण मिळतो. सर्व गडी बाद झाल्यास ‘लोण’ चढून दोन जादा गुण मिळतात. पूर्वी चढाईची मर्यादा म्हणजे चढाई करणाऱ्याचा दम हीच होती. पुढे ३० सेकंदांची कालमर्यादा आली. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेल्या यशस्वी पकडीस एक जादा गुण देण्याचा नियम, तसेच सलग दोन कोऱ्या चढायांनंतरच्या तिसऱ्या चढाईत गुण मिळविण्याची सक्ती, हे नंतरचे बदल होत. आघाडीवर असलेल्या संघाने केवळ वेळ काढण्यासाठी कोऱ्या चढाया कराव्यात, या जुन्या दोषावर त्यांमुळे उपाय झाला.

खेळाडूची घडण : भातलावणीचा चिखल तुडविणे, होडी ओढणे, जाळे खेचणे, मिठाच्या पाट्या वाहणे या कामांनी पाय, कंबर व खांदे बळकट होतात. त्यामुळे किनाऱ्यावरील तरुण कबड्डीस उपजत लायक असतो, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. श्रमाने अंगात चिवटपणा येतो, परंतु चढाईस लागणारी क्षणार्धातील चपळता आणि पकडीस लागणारे वेळेचे भान ही दीर्घ सरावानेच साधतात. किंबहुना दिवसभराच्या कष्टाने थकलेला खेळाडू सायंकाळच्या सरावात शिकण्यापेक्षा टिकून राहण्याचाच प्रयत्न अधिक करतो.

चढाईत हाताने टिपणे, पायाच्या चवड्याने स्पर्श करणे, मागे लाथ फेकणे, बसकण मारून निसटणे आणि वाकलेल्या रक्षकावरून उडी घेणे ही मुख्य तंत्रे आहेत. चांगला चढाईपटू रक्षकांच्या पायांकडे पाहतो, कारण झेप घेण्यापूर्वी रक्षकाचे वजन एका पायावर जाते आणि तोच त्याला टिपण्याचा क्षण असतो. बचावात सात जणांची फळी अर्धवर्तुळाकार उभी राहते. टोकांचे कोपरारक्षक घोट्याची वा मांडीची पकड करतात, त्यांच्या आतील बाजूचे गडी हाताची साखळी धरून चढाईपटूस कोंडतात व मधला रक्षक छातीने रोखतो. पकड हे एकट्याचे काम नाही. पहिल्या रक्षकाने धरल्यानंतर उरलेल्यांनी अर्ध्या सेकंदात साहाय्य केले नाही, तर धरणारा व साहाय्यास आलेले असे सर्वच बाद होण्याचा धोका असतो. या कारणाने कोपरारक्षकाची कीर्ती उशिरा होते, पण त्याची कारकीर्द बहुधा चढाईपटूपेक्षा अधिक काळ टिकते. चढाईपटूचे भांडवल वेग असून तो वयाबरोबर ओसरतो. रक्षकाचे भांडवल अंदाज हे असून ते अनुभवाने वाढते.

कारकीर्दीचे टप्पे : मुलगा प्रथम गावच्या मंडळाच्या छोट्या गटात व शाळेच्या संघात खेळतो. संघटनेच्या स्पर्धांत सोळा वर्षांखालील किशोर, वीस वर्षांखालील कुमार व त्यापुढील वरिष्ठ असे गट असून प्रत्येकास वजनाची मर्यादा असते. जिल्हा अजिंक्यपद स्पर्धा हीच निवड चाचणीही असते. तीतून जिल्ह्याचा संघ निवडला जातो, राज्य स्पर्धेतून महाराष्ट्राचा आणि राष्ट्रीय स्पर्धेनंतरच्या शिबिरातून भारताचा. प्रत्येक पायरीवर खेळाडूंची संख्या झपाट्याने घटते. जिल्ह्यातील शेकडो संघांतून बारा, राज्यातील सर्व जिल्ह्यांतून पुन्हा बारा आणि सर्व राज्ये, रेल्वे व सेनादल मिळून अखेर बाराच, असा हा निमुळता मार्ग आहे.

या मार्गात वजनाची मर्यादा विशेष त्रासदायक ठरते. वाढत्या वयाचा मुलगा स्पर्धेआधी उपवास करून, पाणी तोडून वजन उतरवितो. त्याचा परिणाम त्याच्या दमावर व सांध्यांवर होतो. आहारशास्त्राचे मार्गदर्शन गावपातळीवर दुर्मिळ असल्याने अनेक होतकरू खेळाडू कुमार गटातून वरिष्ठ गटात जाताना मागे पडतात.

नोकरी व खेळ : हौशी कबड्डीच्या दीर्घ काळात खेळाडूस खेळापासून मिळणारे खरे फळ म्हणजे नोकरी हे होते. रेल्वे, पोलीस, बँका, सार्वजनिक क्षेत्रातील तेल व विमान कंपन्या आणि मोठे खाजगी कारखाने यांनी आपापले संघ बाळगले. एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र इ. संघांची नावे महाराष्ट्रातील व्यावसायिक गटाच्या स्पर्धांत दीर्घ काळ गाजली. गावच्या मुलाने जिल्ह्याकडून खेळावे, राज्याच्या संघात यावे आणि त्या प्रमाणपत्रावर कायमची नोकरी मिळवावी, अशी ही साखळी होती. एका खेळाडूच्या नोकरीवर घर उभे राही आणि त्याचे उदाहरण पाहून गावातील पुढची पिढी मैदानात उतरे. एकोणिसशे नव्वदनंतर अनेक आस्थापनांनी नोकरभरती आवरती घेतली व काहींनी करारावरील खेळाडू ठेवण्यास प्रारंभ केला. तेव्हा या साखळीचे शेवटचे कडे सैल झाले. राज्य शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी असलेले आरक्षण हा आधार राहिला, तरी तो ठराविक दर्जाच्या स्पर्धांतील यशापुरताच मर्यादित आहे.

श्रमिकाचा खेळ व त्याची रोजी यांमधील हा ताण केवळ भारतीय नाही. इंग्लंडच्या उत्तर भागातील खाणकामगार व गिरणीकामगार रग्बी खेळत, तेव्हा सामन्यासाठी बुडणारी मजुरी भरून मिळावी अशी त्यांच्या संघांची मागणी होती. ती नाकारली गेल्याने १८९५ साली हडर्झफील्ड येथे संघांनी वेगळी संघटना स्थापन केली व तीतून तेरा खेळाडूंचा ‘रग्बी लीग’ हा खेळ विकसित झाला. फ्रान्समध्ये तो झां गालिया याच्या पुढाकाराने १९३४ मध्ये रुजला. परंतु महायुद्धकाळात, १९४१ साली, व्हिशी राजवटीने त्यावर बंदी घातली व त्याच्या संघटनेची मालमत्ता काढून घेतली. युद्धोत्तर काळात त्याचे पुनरुज्जीवन झाले, त्याचे सर्वांत ठळक नाव प्विग ओबेर (१९२५–९४) हे होय. कार्कासॉन संघाचा हा पिछाडीचा खेळाडू फ्रान्सच्या संघातून ४६ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. १९५१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याच्या नेतृत्वाखाली फ्रान्सने कसोटी मालिका २–१ अशी जिंकली व तिन्ही कसोट्यांत मिळून त्याने लाथेने अठरा गोल केले. तुटपुंजी साधने व प्रस्थापित संघटनांची उपेक्षा यांना तोंड देणाऱ्या खेळासही एका खेळाडूच्या कारकीर्दीने देशव्यापी मान्यता मिळू शकते, याचे हे उदाहरण आहे.

दोन्ही खेळांत तांत्रिक साम्यही आहे. शत्रूच्या प्रदेशात शिरणे, अनेकांनी मिळून एकास अडविणे आणि पकड होताच डाव नव्याने मांडणे हे दोहोंचे मूलतत्त्व होय. रग्बी लीगमध्ये चेंडू अमर्याद काळ स्वतःकडे ठेवून खेळ कंटाळवाणा करण्याची वाट १९६६ पासून पकडींच्या संख्येवर मर्यादा घालून बंद करण्यात आली. प्रथम ही मर्यादा चार पकडींची होती, १९७२ पासून ती सहाची झाली. कबड्डीतील तिसऱ्या चढाईची सक्ती हा त्याच प्रकारचा उपाय आहे. फरक इतकाच, की कबड्डीत चेंडूच्या जागी खेळाडूचा दम असतो.

आंतरराष्ट्रीय स्पर्धा : आशियाई अजिंक्यपद स्पर्धा १९८० मध्ये कलकत्ता येथे प्रथम झाली. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीचे प्रदर्शनीय सामने झाले आणि १९९० मध्ये बीजिंग येथे तिला पदकाचा दर्जा मिळाला. त्या वर्षीच्या विजयी भारतीय संघात महाराष्ट्राचे अशोक शिंदे व राजू भावसार हे होते. १९९० ते २०१४ या काळातील सातही स्पर्धांत पुरुषांचे सुवर्णपदक भारताने मिळविले. २०१८ मध्ये जाकार्ता येथे उपांत्य फेरीत इराणने भारताचा पराभव केला व ही परंपरा खंडित झाली. २०२३ मध्ये हांगजो येथे झालेल्या स्पर्धेत इराणला अंतिम सामन्यात नमवून भारताने सुवर्णपदक परत मिळविले. या संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार व आकाश शिंदे यांचा समावेश होता.

विश्वचषक स्पर्धा २००४ मध्ये मुंबई येथे सुरू झाली. दुसरी स्पर्धा २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील पनवेल येथे भरली. अंतिम सामन्यात भारताने इराणवर विजय मिळविला. भातखाचरांत आखलेल्या मैदानांच्या या प्रदेशात अनेक देशांचे संघ उतरले, ही घटना जिल्ह्याच्या क्रीडाजीवनात महत्त्वाची ठरली. तिसरी स्पर्धा २०१६ मध्ये अहमदाबाद येथे झाली व तीही भारतानेच जिंकली. तथापि आंतरराष्ट्रीय यशाच्या या काळात भारतीय संघातील महाराष्ट्राचा वाटा मात्र घटत गेला. हरयाणा, सेनादल व रेल्वे यांच्या खेळाडूंनी संघात मोठी जागा व्यापली. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबाद येथील राष्ट्रीय स्पर्धेत रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलास हरवून अजिंक्यपद मिळविले, ते दशकाहून अधिक काळाच्या प्रतीक्षेनंतर.

महिला खेळाडू : महाराष्ट्रात महिलांच्या कबड्डीची परंपरा जुनी आहे. २०१० मध्ये ग्वांगजो येथे महिलांच्या कबड्डीस आशियाई क्रीडास्पर्धांत प्रवेश मिळाला, म्हणजे पुरुषांनंतर वीस वर्षांनी. २०१२ मध्ये पाटणा येथे महिलांची विश्वचषक स्पर्धा प्रथमच झाली. ती जिंकणाऱ्या भारतीय संघात महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ व अभिलाषा म्हात्रे या होत्या. अभिलाषा म्हात्रे यांना २०१५ साठीचा अर्जुन पुरस्कार मिळाला. गावपातळीवर मुलींच्या मार्गातील अडचणी वेगळ्या आहेत. सराव सायंकाळी उशिरा असतो, परतीचे वाहन नसते, घरकामाचा वाटा मुलीवर असतो आणि विवाहानंतर तिचे गाव व संघ दोन्ही बदलतात. त्यामुळे ज्या वयात खेळ पक्व होतो, त्याच वयात अनेकींचा खेळ थांबतो. ज्या गावात शाळेतील शिक्षकाने वा जुन्या खेळाडूने मुलींचा सराव दिवसाउजेडी घेण्याची व्यवस्था केली, तेथे मुलींचे संघ टिकले, यावरून हा प्रश्न गुणवत्तेचा नसून सोयींचा आहे हे उघड होते.

माती, मॅट व दुखापती : विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कबड्डी मातीवरच खेळली जाई. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून आंतरराष्ट्रीय व नंतर राष्ट्रीय सामने कृत्रिम मॅटवर होऊ लागले. मातीत पाय किंचित घसरतो व पडताना आघात शोषला जातो. मॅटवर बूट घट्ट रुततो, वळण्याचा वेग वाढतो, परंतु पाय रोवलेला असताना शरीर वळले तर सारा पीळ गुडघ्यावर येतो. गुडघ्यातील अस्थिबंधाच्या इजा म्हणूनच कबड्डीपटूच्या कारकीर्दीतील मोठा धोका ठरतात. शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतण्यास नऊ ते बारा महिने लागतात. हा काळ पूर्ण व्यायामोपचारासह घालविणे नोकरी नसलेल्या खेळाडूस परवडत नाही. अर्धवट बरा झालेला गुडघा घेऊन गावच्या स्पर्धेत उतरणे आणि पुन्हा जायबंदी होणे, ही या भागातील अनेक कारकीर्दींच्या अकाली समाप्तीची रीत होय. खांदा निखळणे, घोटा मुरगळणे व बोटे मोडणे या अन्य नित्याच्या इजा आहेत.

मातीवर घडलेल्या खेळाडूस मॅटवर पदन्यास नव्याने शिकावा लागतो. गावी मॅट उपलब्ध नसल्याने ही संधी निवड चाचणीच्या वेळीच येते आणि तेथे त्याचा पाय अडखळतो. उलटपक्षी, मातीवरील सरावाने येणारा चिवटपणा व पडण्याची निर्भयता मॅटवरील प्रशिक्षणात सहज येत नाही, असे अनेक प्रशिक्षकांचे मत आहे. लहान वयात माती व कुमार गटापासून आठवड्यातील काही दिवस मॅट, अशी विभागणी यावर सोयीची ठरते.

सद्यःस्थिती : २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीग या व्यावसायिक स्पर्धेने खेळाचे रूप पालटले. दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण, लिलावाने होणारी खेळाडूंची निवड आणि परदेशी खेळाडूंचा सहभाग यांमुळे कबड्डीपटूस प्रथमच खेळाडू म्हणूनच अर्थार्जन करता येऊ लागले. मुंबईच्या ‘यू मुंबा’ संघाने २०१५ मधील दुसरे विजेतेपद मिळविले. मात्र या स्पर्धेत स्थान मिळणारे खेळाडू थोडे, करार अल्प मुदतीचे आणि एका दुखापतीने ते संपुष्टात येण्याचा संभव मोठा असतो. जुन्या व्यवस्थेत मान कमी पण निवृत्तिवेतन असलेली नोकरी होती. नव्या व्यवस्थेत द्रव्य व प्रसिद्धी आहे, पण खेळ संपल्यावरच्या तीस-चाळीस वर्षांची तरतूद नाही. म्हणून तरुण खेळाडूने शिक्षण अर्धवट सोडू नये, हा जाणत्या प्रशिक्षकांचा आग्रह या काळात अधिकच अर्थपूर्ण ठरतो.

किनाऱ्याचा भूगोलही बदलला आहे. १९७० नंतर नवी मुंबईसाठी उरण व पनवेल तालुक्यांतील शेतजमिनी संपादित झाल्या. १९८९ मध्ये न्हावाशेवा येथील बंदर कार्यान्वित झाले, थळ, नागोठणे इ. ठिकाणी मोठे कारखाने आले, आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतू वाहतुकीस खुला झाल्यावर मुंबईचे अंतर आणखी घटले. जेथे भात होते तेथे गोदामे व वसाहती उभ्या राहिल्या. कापणीनंतर आपोआप मोकळे होणारे मैदान आता मागून, भाड्याने वा राखीव ठेवून मिळवावे लागते. शाळांची व गावठाणांलगतची पटांगणे खेळासाठी राखून ठेवणे हा म्हणूनच आता नियोजनाचा प्रश्न झाला आहे.

कबड्डीस साधन लागत नाही हे तिचे बलस्थान खरे, परंतु तिला जमीन लागते, सरावास सवड लागते आणि जायबंदी खेळाडूस आधार लागतो. या तीन गोष्टी पूर्वी गाव, ऋतू व नोकरी यांनी पुरविल्या. त्यांची जागा जिल्हा संघटना, शिक्षणसंस्था, स्थानिक स्वराज्य संस्था व औद्योगिक आस्थापना कितपत घेतात, यावर रायगड किनाऱ्यावरून पुढील काळात राज्य व राष्ट्रीय संघांत किती खेळाडू जातील, हे अवलंबून राहील.